रिमोनीम कोणाचे?

गेल्या सिम्हाथ तोरेला सेफेर तोरा मिरवत असताना शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या कानाशी लागले. "आमच्या कोकणातल्या गावचे रिमोनीम याहून वजनदार. तिकडे आता चारच घरे उरली. ते इकडे आणावेत, नाहीतर विकून प्रार्थनामंदिराची कौले तरी बदलावीत." सणाच्या दिवशी खरेदीविक्रीची भाषा करू नये, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही "बघू या" म्हणून वेळ मारून नेली. पण विषय काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण हाच प्रश्न अमेरिकेतील दोन यहुदी जमातींनी न्यायालयापर्यंत नेला होता, आणि वादातली चांदी घडवणारा कारागीरही यहुदीच होता. मायर मायर्स १७२३ साली न्यूयॉर्कला जन्मला; आईबाप हॉलंडहून आलेले. बड्या ख्रिस्ती घराण्यांची कामे त्याच्याकडे येत, प्रेस्बिटेरियन चर्चसाठी दानाची तबकेही त्याने घडवली. शिअरिथ इस्रायल या आपल्या जमातीचा तो अध्यक्ष होता. आपण मुकादम म्हणू. १७७६ मध्ये इंग्रजी फौजा न्यूयॉर्कात शिरल्या तेव्हा बिऱ्हाड उचलून तो नॉरवॉकला गेला, तर १७७९ मध्ये ते गावही इंग्रजांनी जाळले. युद्धानंतर तो परतला आणि १७९५ मध्ये वारला.

वाद झाला तो त्याने घडवलेल्या, न्यूपोर्टच्या प्रार्थनामंदिरातील रिमोनीमच्या एका जोडीवरून. हे मंदिर १७६३ मध्ये उघडले. युद्धाने बंदराचा व्यापार बसला, कुटुंबे एकेक करून निघून गेली आणि १८२० नंतर लवकरच गावात यहुदी म्हणून कोणी उरला नाही. किल्ल्या न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्रायलकडे गेल्या. सेफेर तोराही तिकडेच गेले, न्यूपोर्टात जमात पुन्हा उभी राहिली तर परत द्यायचे या बोलीवर. पुढे पूर्व युरोपातून नवी कुटुंबे तेथे उतरली. जुन्या मंडळींशी त्यांचे ना रक्ताचे नाते, ना प्रार्थनेची चाल एक. मंदिर कोणाचे यावरून तंटा झाला आणि १९०३ मध्ये तडजोड होऊन नव्या मंडळींनी वर्षाला एक डॉलर भाड्याने ते न्यूयॉर्ककरांकडून घेतले.

२०१२ मध्ये न्यूपोर्टच्या जमातीने तो जोड बोस्टनच्या कलासंग्रहालयाला ७४ लाख डॉलरना विकायचे ठरवले. मंदिराचा आणि राबीचा खर्च कायमचा भागावा, हा हेतू. न्यूयॉर्ककर म्हणाले, चांदी आमची, विकू देणार नाही. २०१६ मध्ये न्यायाधीश मॅकॉनेल यांनी न्यूपोर्टच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये अपिलात न्यायमूर्ती सूटर यांनी जुन्या करारांवर बोट ठेवून तो फिरवला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेण्यास नकार दिला. विक्री झाली नाही.

तोळ्याच्या भावाने त्या चांदीला किती मिळाले असते? ७४ लाख डॉलर हे मायर्सच्या नावाचे होते. त्याने तर सेफेर तोरा उचलताना घंटा वाजाव्यात म्हणून ती डाळिंबे घडवली होती.

मालक कोण, हे न्यायालयाने ठरवले. विकणे योग्य होते का, हा प्रश्न राहतोच. मेगिल्लाच्या मिश्नात क्रम दिला आहे: गावचा चौक विकला तर त्या पैशातून प्रार्थनामंदिर घ्यावे, मंदिर विकले तर हेखाल, हेखाल विकला तर तोराची वस्त्रे, वस्त्रे विकली तर ग्रंथ, ग्रंथ विकले तर सेफेर तोरा. वर चढावे, खाली उतरू नये. या हिशेबाने तोराचा दागिना विकून कौले बदलणे म्हणजे उतरणेच. पण त्याच विषयावर तालमूद असेही सांगतो की तोराच्या अभ्यासासाठी किंवा लग्नासाठी प्रत्यक्ष सेफेर तोराही विकता येतो. म्हणजे त्या शिडीच्या वर आणखी एक पायरी आहे, आणि तिच्यावर माणसे आहेत. राबीचा पगार त्या पायरीवर बसतो, असे न्यूपोर्टकर म्हणू शकले असते. आम्हाला ते अगदीच खोटे वाटत नाही.

न्यूयॉर्ककरांबद्दल आमचे मत दुहेरी आहे. ओसाड मंदिराच्या किल्ल्या त्यांनी सांभाळल्या, हे थोर काम. जो सांभाळतो त्याला "विकू नका" म्हणण्याचा हक्क मिळतो, असे आम्ही मानतो. "आमचेच आहे" म्हणण्याचा हक्क त्यातून कसा निघतो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही, करार काहीही म्हणोत.

आपण तर सांभाळलेही नाही. निघून आलो. अश्दोदला किंवा दिमोनाला बसून गावच्या चांदीचे काय करावे हे ठरवताना आपण न्यूयॉर्ककरांपेक्षाही मागे उभे आहोत. जी चार घरे शब्बाथला दिवा लावतात त्यांचा शब्द पहिला. ती घरेही उद्या मिटली, तर मग बोलू.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांच्या गावी पत्र घातले. उत्तर आले: मिन्यान एरवी जमत नाही, मुंबईचे किंवा इस्रायलचे पाहुणे आले तरच. तेव्हा रिमोनीम कपाटातून काढतात, रिठ्याच्या पाण्याने धुतात आणि लावतात. कौलांचा विषय त्यांनी काढलाच नव्हता. पत्र गृहस्थांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "डाव्या रिमोनची एक घंटा आमच्या वेळीच तुटली होती. ती बसवली का, हे लिहिले नाही त्यांनी."

तेवढे विचारण्यासाठी आम्ही दुसरे पत्र घातले आहे.