‘आमच्यानंतर’च्या अलीकडे

बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ मुलांच्या आईवडिलांची बैठक नगरला भरो, नाशिकला भरो नाहीतर पुण्याला, पहिला चहा संपायच्या आत एक प्रश्न येतोच. आमच्यानंतर याचं काय? मग खोलीतले सगळे क्षणभर गप्प होतात आणि पुढची सगळी बैठक त्या एका प्रश्नाभोवती फिरते.

या प्रश्नाने महाराष्ट्रात फार मोठं काम उभं केलं आहे. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी आपल्या मुलासाठी योग्य शाळा नव्हती म्हणून १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. बदलापूरची ‘आधार’ ही निवासी संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभारली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती आली आणि अठरा वर्षांपुढच्या मुलाला कायदेशीर पालक नेमून घेता येऊ लागला. जयवंत दळवींनी ‘नातीगोती’ लिहिलं, त्यातलं घरही याच विवंचनेने कोंडलेलं आहे. मीही हा प्रश्न विचारते. माझा मुलगा तिशी ओलांडून गेला आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, अधूनमधून फिट येते, बोलणं मोजकं आहे आणि घराबाहेर व्हीलचेअरशिवाय चालत नाही. तेव्हा या चिंतेला मी हलकं लेखणार नाही.

तरीही मला वाटतं की या एका प्रश्नाने आमचं फार काही गिळलं आहे. आमच्यानंतर काय हे विचारता विचारता आज काय हे विचारायचं राहून जातं. आज आम्ही दोघं बाहेर पडलो का? अंगावर ऊन घेतलं का? मी चालले का, आणि त्याने घराच्या भिंतीखेरीज काही पाहिलं का? या प्रश्नांना कुठल्याच अर्जात रकाना नसतो. नातेवाइकांत ते बोलून दाखवले तर चैनीचे वाटतात. ‘घरात एवढं असताना हिला फिरायला सुचतं कसं’ हे वाक्य उघड ऐकवलं नाही तरी ऐकू येतंच.

मूल लहान असतं तेव्हा जग त्याला आत घेतं. कडेवर बसवून जत्रेत नेता येतं, बागेत लोक गाल कुरवाळतात, शाळेची गाडी दारात येते. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढे कार्यशाळा असतात, पण जागा थोड्या आणि तालुक्याच्या गावी तर बहुतेक ठिकाणी नाहीतच. एव्हाना मुलगा साठ किलोंचा झालेला असतो, त्याला दाढीमिशा आलेल्या असतात. बागेत तो आनंदाने ओरडला की लोक आपली मुलं उचलून बाजूला होतात. आणि नेमक्या याच वर्षांत आईचे गुडघे बोलू लागतात, बापाला साखर निघते. बाहेर जाणं अवघड होण्याची दोघांची वेळ एकच येते. मग दार लागतं ते लागतंच. त्यासाठी कुणी काही ठरवलेलं नसतं.

दार लागल्यावर काय होतं ते शरीराच्या भाषेत सांगता येतं. सेरेब्रल पाल्सीत ताठर स्नायू वापरात राहिले नाहीत तर आखडत जातात, सांधे वाकलेल्या जागीच धरतात. फिटवरची काही जुनी आणि अजून सर्रास दिली जाणारी औषधं शरीरातलं ड जीवनसत्त्व कमी करतात, हाडं ठिसूळ करतात. अशा माणसाला ऊन इतरांपेक्षा जास्त हवं आणि मिळतं सगळ्यांत कमी. बसून वजन वाढतं, आणि ते वजन उचलायचं कुणी तर आईने. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. आमच्या ओळखीतल्या एकाही आईची कंबर धड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अपंग प्रौढांनाही पहिल्यांदा तीच शिफारस लागू केली: आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, श्वास थोडा वाढेल अशी हालचाल. वाचून मला बरं वाटलं, कारण आमच्याकडे अपंग माणसाची हालचाल म्हणजे फिजिओथेरपी आणि सांभाळणाऱ्या बाईची हालचाल म्हणजे घरकाम, अशी समजूत पक्की आहे.

आमचं नगर शहर या बाबतीत भाग्यवान आहे, कारण ते सपाटीवर वसलं आहे. भुईकोट किल्ला नावाप्रमाणेच जमिनीवर बसलेला. बाहेरून पर्यटक आला की त्याला नेहरूंची कोठडी बघायची असते; १९४२ ते १९४५ ते इथे कैदेत होते. आम्हाला मात्र खंदकाच्या कडेचा सकाळचा रस्ता हवा असतो. खुर्ची ढकलत किल्ल्याला वळसा घालणं हा चांगला घाम काढणारा व्यायाम आहे. सपाट डांबरावर खुर्ची सहज जाते, मुरूम लागला की पुढची छोटी चाकं रुततात. तेव्हा खुर्ची उलटी फिरवायची आणि मोठी चाकं पुढे घालून मागे मागे ओढत न्यायची. उतारावरही तशीच उलटी उतरवायची, म्हणजे मुलगा पुढे कलंडत नाही. चढ मोठा असेल तर पुढच्या दांडीला दोर बांधून दुसऱ्याने ओढायची. हे मला कुठल्या दवाखान्यात कुणी शिकवलं नाही. एका रिक्षावाल्या भावाने शिकवलं, त्याच्या घरी बहीण खुर्चीत होती.

शहराबाहेर पाथर्डी रस्त्याला चांदबिबीचा महाल आहे. खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण नगरकर तिला चांदबिबीचीच म्हणतात. गाडी वरपर्यंत जाते. वरचा वारा अंगावर आला की माझा मुलगा मान मागे टाकतो आणि दोन्ही हात उघडतो. एरवी त्याचे हात छातीशी मिटलेले असतात. त्या हातांना इतकं सैल होताना मी तिथे जाईपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. माळरान सपाट, झाडी विरळ, त्यामुळे काळवीट दिसण्यासाठी कुठे चढावं लागत नाही, फक्त सकाळी लवकर पोचायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. अकोले तालुक्यात मे संपताना, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात सादडा, हिरडा, बेहड्यावर काजवे उतरतात. तेही रस्त्याच्या कडेला खुर्ची लावून दिसतात. गर्दीच्या शनिवार-रविवारी मात्र जाऊ नये, कारण हॉर्न आणि गाड्यांचे दिवे त्याला सहन होत नाहीत, आणि काजव्यांनाही होत नसणार.

याच तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. अपंग गिर्यारोहकांचे गट तिथे जाऊन आल्याच्या बातम्या येतात आणि त्यांच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण लोखंडी शिड्यांवरून माझा मुलगा वर जाणार नाही. बारी गावातून शिखराकडे बघायचं आणि भात खाऊन परत यायचं, हेही जाणंच असतं. पराक्रमाची अपेक्षा आली की साध्या घरांचं बाहेर पडणं आणखी अवघड होतं, असा माझा अनुभव आहे. आपल्याला तेवढं जमणार नाही म्हणून माणसं कोपऱ्यावरच्या देवळापर्यंतही जात नाहीत.

अमेरिकेतल्या हॉइट बापलेकांची गोष्ट सांगतानाही म्हणून मी जपून सांगते. रिक हॉइट जन्मापासून सेरेब्रल पाल्सीचा. १९७७ मध्ये एका जखमी खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची दौड होती. रिकने बापाला सांगितलं, आपण भाग घेऊ. डिक तेव्हा छत्तीस वर्षांचा, धावायची सवय नसलेला. खुर्ची ढकलत तो शेवटून दुसरा आला. त्या रात्री रिकने संगणकाच्या मदतीने बापाला कळवलं की धावताना मला अपंग असल्यासारखं वाटतच नाही. पुढे दोघांनी बॉस्टन मॅरेथॉन तीसहून अधिक वेळा पुरी केली. जगाला त्या मॅरेथॉन आठवतात. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. २००३ मध्ये डिकला हृदयविकाराचा सौम्य झटका आला, आणि डॉक्टर म्हणाले की तुमचं शरीर असं कमावलेलं नसतं तर तुम्ही कधीच गेला असता. ज्या धावण्यात बाप मुलाला पुढे नेत होता, त्याच धावण्याने मुलगा बापाला जगवत होता.

जपानी लेखक केन्झाबुरो ओए यांनी १९९४ च्या नोबेल भाषणात आपल्या मुलाविषयी सांगितलं. हिकारी १९६३ मध्ये मेंदूच्या गंभीर व्यंगासह जन्मला. लहानपणी तो माणसांच्या आवाजाला प्रतिसाद देत नसे, फक्त पाखरांच्या. सहा वर्षांचा असताना उन्हाळ्यात डोंगरातल्या घरी गेले होते, झाडीपलीकडच्या तळ्यावरून पक्ष्यांची जोडी ओरडली आणि मुलगा, ध्वनिमुद्रणातला निवेदक बोलतो तसा, पक्ष्याचं नाव बोलला. पाणकोंबडीच्या कुळातला तो पक्षी होता. त्याच्या तोंडून आलेले ते पहिले मानवी शब्द. घरी ध्वनिमुद्रिकेवर त्याने शेकडो आवाज ऐकले होते. पण बोलणं आलं ते रानात, खऱ्या पक्ष्याने हाक दिल्यावर. पुढे हिकारी संगीतकार झाला. समजा, झाला नसता. त्या क्षणाने मोलात काय गमावलं असतं?

इथे मला थांबून माझ्याच जिल्ह्याकडे बघावं लागतं, कारण वर जे लिहिलं ते गाडी असलेल्या, निवृत्तिवेतन येणाऱ्या घराचं आहे. राज्यातली सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात, प्रवरानगरला सुरू झाली, आणि याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून हजारो कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल जोडीवर मिळते. घरात असा मुलगा असेल तर त्याच्यासाठी मागे कोण राहणार? आई राहिली तर अर्धा कोयता, म्हणजे उचल अर्धी. मग म्हाताऱ्या आजीवर सोपवून जातात, किंवा सोबत नेतात आणि तो दिवसभर तळावरच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, बसून असतो. ऊन त्याला भरपूर मिळतं. पहाटेपासून वाकून तोडणाऱ्या त्याच्या आईला तर कुणी हालचाल वाढवा म्हणून सांगायची सोयच नाही. बाहेर असणं म्हणजे मोकळं असणं, हे माझ्या नगरमधल्या सावेडीच्या घरातून जितकं सरळ दिसतं तितकं कोपीवरून दिसत नाही. तिला हवी आहे ती सावली आणि दिवसातून थोडा वेळ, ज्यात मुलाकडे दुसरं कुणी बघेल. मलाही शेवटी हेच हवं आहे. गाडी असूनही.

आणि संडास. हा विषय दिवाळी अंकात येत नाही, पण आमचे बाहेर जायचे बहुतेक बेत इथेच रद्द होतात. मोठ्या माणसाचं डायपर बदलायला आडवं होता येईल अशी जागा लागते. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम चालली, आणि आता इंग्लंडमध्ये मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत प्रौढांसाठी बाकडं आणि उचलायचं यंत्र असलेलं स्वच्छतागृह बंधनकारक आहे. आम्ही गाडीचं मागचं दार उघडतो आणि एक जण साडी धरून उभं राहतं. प्रौढ पुरुषाची अशी लाज उघड्यावर काढणं मला आजही सोसत नाही. शिर्डी, शिंगणापूर, नेवासा, भंडारदरा, लाखो माणसं येणारी ठिकाणं आमच्या जिल्ह्यात आहेत. तिथे एकेक खोली बांधायला अवघड ते काय?

कायद्यात आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९ आणि ३० या कलमांत करमणूक आणि खेळ यांचा हक्क लिहिला आहे, २४ व्या कलमात जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. ग्रामपंचायतींनी, नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. अनेक ठिकाणी ते वर्षाअखेरीला वाटपात संपतात. वाटप वाईट नाही, गरीब घराला त्याची गरज असते. पण त्यातून आईची एकही दुपार मोकळी होत नाही.

आता मी त्या मोठ्या प्रश्नाकडे येते. आमच्यानंतर याचं काय? रोज बाहेर नेल्याने मला या प्रश्नाबद्दल एक गोष्ट कळली, ती बैठकांत कळली नव्हती. किल्ल्याकडच्या चहावाल्याला ठाऊक आहे की माझ्या मुलाला चहा बशीतून लागतो. फुलवाल्या मावशींना त्याची फिट माहीत आहे. एकदा मी पर्समध्ये औषध शोधत होते तोवर त्यांनी त्याला कुशीवर वळवून डोक्याखाली पदर घातला होता. व्यायामाला येणारी पोरं त्याला ‘दादा’ म्हणून हाक मारतात आणि तो ओळखून हसतो. ही माणसं त्याला सांभाळणार नाहीत, तशी माझी अपेक्षाही नाही. पण उद्या तो कुठल्या निवासी संस्थेत असेल, कुणी पालक नेमलेला असेल, तेव्हा ‘तो हल्ली दिसत नाही, कसा आहे?’ असं विचारणारं कुणी गावात असेल. ज्याला गावाने कधी पाहिलंच नाही, त्याची चौकशी कोण करणार? चार भिंतींत ज्याला फक्त आई ओळखते, तो आईबरोबर जगाच्या ओळखीतून पुसला जातो. पालकत्वाचे कागद करावेच, मीही केले आहेत. कागदाला साक्षीदार मात्र रस्त्यावरच मिळतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती जामखेडला बघून सुचली आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं, आणि त्या बायकांनी बाळंतपणं, जुलाब, क्षयरोग यांत जे करून दाखवलं ते बघायला जगभरून माणसं आली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्याने हे केलं, त्याला प्रत्येक प्रभागात, प्रत्येक मोठ्या गावात दोन-तीन माणसं तयार करणं जड नाही. खुर्ची चढउतारावर कशी न्यायची, फिट आली तर काय करायचं आणि काय करायचं नाही, घास कसा भरवायचा, एवढं त्यांना शिकवावं. त्यांना पाच टक्क्यांतून रीतसर मेहनताना द्यावा. आठवड्यातून काही वेळा त्यांनी येऊन मुलाला बाहेर न्यावं, दोन तास, त्याच्या आवडीच्या रस्त्याने. ऊसतोडीच्या हंगामात हे काम तळावर व्हावं, कारण गरज तिथे सर्वांत जास्त आहे.

त्या दोन तासांत आई काय करते, याचा अहवाल कुणी मागू नये. ती झोपेल, बहिणीकडे जाईल, नाहीतर पायात बूट घालून एकटी चांदबिबीचा डोंगर चढेल.