पारणे ज्याचे त्याचे

एकादशीचा उपवास घरातली माणसे बरोबरीने करतात आणि द्वादशीला एकाच पंगतीत सोडतात. वरण-भात, तूप, गोडाचे काहीतरी, तळण. पान सगळ्यांना सारखेच. त्या पंगतीत मधुमेह असलेले आजोबा असतात, बाळाला अंगावर पाजणारी सून असते आणि रोज मैदानावर धावणारा नातूही असतो. उपवास सर्वांनी सारखा केला, म्हणून पारणेही सारखे, हे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. माझ्या मते पारण्याचे पान शरीर पाहून वाढले पाहिजे.

आधी विचारायला हवे ते हे, की उपवास घडला कोणता? यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण शंभर ग्रॅम साखर साठवलेली असते. पूर्ण निराहार राहिल्यास सुमारे दिवसभरात ती बहुतेक संपते. मग शरीर चरबी जाळू लागते, इन्शुलिन उतरते आणि स्नायू रक्तातली साखर पूर्वीच्या तत्परतेने उचलत नाहीत. म्हणूनच दोन-तीन दिवसांच्या निराहारानंतर वाटीभर खीर रक्तातली साखर एरवीपेक्षा जास्त चढवू शकते. आपल्या घरांतल्या बहुतेक उपवासांत मात्र ही अवस्था येतच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणत आपण पिष्टाचा दिवस काढतो आणि दुसऱ्या दिवशी भात व गोडाने त्यात भर घालतो.

दुसरा प्रश्न, शरीर कोणाचे? 2004 साली ‘द लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी दडलेली असते आणि मधुमेहाचा धोका कसा वाढतो, हे याज्ञिक यांच्या पुण्यातील संशोधनाने जगाला दाखवून दिले. ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हा भरवसा आपल्यापुरता तरी पोकळ आहे.

2015 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 800 लोकांच्या रक्तातली साखर आठवडाभर सतत मोजली. एकच पदार्थ खाऊनही प्रत्येकाची साखर वेगवेगळी वाढली. 2020 मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांवरच्या अभ्यासातही हेच आढळले. एकसारख्या जुळ्यांतही फरक होता. जनुकांखेरीज आतड्यातले जीवाणू, झोप आणि जेवणाची वेळ यांचाही त्यात वाटा असतो.

मग प्रत्येकाने दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावून पारणे करायचे का? मुळीच नाही. पायरीपायरीने खाण्याची शहाणीव आपल्याकडे जुनीच आहे. पंचकर्मातील शोधनानंतर आयुर्वेद आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग मुगाचे यूष (कढण) असा संसर्जनक्रम सांगतो, आणि शुद्धी किती झाली त्यानुसार तो तीन, पाच किंवा सात दिवसांचा ठरतो. अग्नीही सर्वांचा एक मानलेला नाही. सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे त्याचे चार प्रकार आहेत. पर्युषणात अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, करणाऱ्या अनेक जैन घरांत पारण्याला आजही मुगाचे पाणी दिले जाते. या परंपरेतला उपवास आपण ठेवला आणि तारतम्य सोडून दिले.

लांबलेल्या उपवासात तर हे तारतम्य जिवाशी निगडित असते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाने एकदम भरपूर पिष्ट खाल्ले, की इन्शुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. त्यातून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच पाचाहून अधिक दिवस जवळपास काही न खाल्लेल्यांना पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त आहार देऊ नये, असे ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शन सांगते.

एका दिवसाच्या उपवासाला इतकी धास्ती नको, पण थोडी निवड हवी. आजोबांनी आधी भाजी, उसळ, ताक आणि मग थोडा भात घेतला, तर साखर सावकाश चढेल. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपवासाआधीच डॉक्टरांशी बोलायला हवे. नातवाला भात-वरण पोटभर चालेल. सुनेला पोटभर अन्न तर हवेच, शिवाय पुरेशी प्रथिने आणि पाणीही हवे. मुळात तिने निराहार राहावे का, हे घराने तिच्यावर सोपवावे.

अशाने पंगतीची एकी मोडेल, असा आक्षेप येईल. पण एकी शेजारी बसण्यात असते, पानातल्या पदार्थांच्या सारखेपणात नाही. ताटातला गोडाचा घास बाजूला ठेवणाऱ्याला आग्रह न करणे हासुद्धा आदरातिथ्याचाच भाग आहे. उपवास हा संयमाचा संस्कार असेल, तर त्याची खरी कसोटी तो सोडताना लागते, आणि तिथे प्रत्येकाने आपल्या शरीराला विचारून खाणे हाही संयमच आहे.