शिफारस कुणी लिहायची

एखाद्या माणसाला व्यवहार कळतो की नाही, हे दुसऱ्या माणसाने कागदावर लिहून द्यावे का? आणि लिहून देणाऱ्याला ना कुणी निवडून दिलेले, ना पगार, ना शिक्का. केवळ लोकांच्या लेकरांसाठी धावपळ करतो म्हणून त्याच्या शब्दाला वजन आलेले. अशा वेळी त्याने लिहावे की हात आखडता घ्यावा?

हा प्रश्न इस्लापूरला आमच्यात निघाला. किनवट तालुक्यातले हे गाव नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. पलीकडे पैनगंगा आणि नदीपलीकडे विदर्भ. इथल्या वाड्या-तांड्यांवरची डाऊन सिंड्रोम असलेली मुले आणि त्यांचे आई-बाप यांना एका ठिकाणी आणण्याचे काम एक ताई करतात. त्यांचा स्वतःचा मुलगा 19 वर्षांचा आहे. कुणाच्या घरी असे बाळ जन्मले की ताई आधी हृदयाची तपासणी करायला लावतात, कारण अशा जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. मग थायरॉइड, कान, डोळे. त्यानंतर नांदेडची वारी, दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, निराधार योजनेचा अर्ज. त्यांच्या संघटनेला नाव नाही, पावतीपुस्तकही नाही. मी नांदेडला राहतो आणि कागदपत्रांपुरती त्यांना मदत करतो.

प्रकरण असे. जवळच्या एका गावात पंचविशीतला एक मुलगा आहे, डाऊन सिंड्रोम असलेला. आई लहानपणीच गेली, वडील मागच्या वर्षी. सातबाऱ्यावर तीन एकर त्याच्या एकट्याच्या नावावर. आता त्याला सांभाळणाऱ्या चुलत्याने पालकत्वासाठी अर्ज केला आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अशा अर्जावर जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती निर्णय देते. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. त्या प्रतिनिधीने ताईंना निरोप पाठवला: तुम्ही मुलाला ओळखता, दोन ओळींची शिफारस द्या.

"लिहू नका," मी म्हणालो. "निदान 'त्याला काही कळत नाही' असं तरी लिहू नका. एकदा लिहिलं की ते आयुष्यभर त्याला चिकटतं."

"आन् 'कळतं' म्हणून लिहिलं तर?" ताई म्हणाल्या. "उद्या त्याला जीपमध्ये बसवून किनवटला नेतील, अंगठा घेतील आन् मोकळे होतील. कळतं म्हणून लिहिलं ना ताईनं, मग विकली त्यानं राजीखुशीनं! तुम्ही त्याचा मान जपायलाव सर, मी त्याचे तीन एकर."

"मान गेला तर तीन एकर तरी त्याचे राहतील का? मालक कागदावर तो आणि बोलणार दुसराच. लहान वारसाच्या बाबतीत सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहून पालनकर्त्याचं नाव घालतात, पण तो शेरा अठरा पुरे झाल्यावर निघतो तरी. हा शेरा कधी निघणार?"

"निघू नये असंच वाटतंय त्या चुलत्याला. पण तुम्ही त्याला चोर ठरवायलाव. आठ-दहा वर्षं झाली, चुलती त्याला आपल्या लेकरांच्या पंगतीत जेवू घालते. आजारपणात दवाखान्यात उशाशी बसली ती. आपण दोघं नव्हतो."

हे खरे होते आणि माझ्या बाजूला ते गैरसोयीचे होते. पालकत्वाच्या वादात नातेवाईक लबाड धरून चालले की सगळे सोपे होते. पण बहुतेक घरांत सांभाळणारा आणि लाभ घेणारा हात एकच असतो, आणि तो हात सांभाळतो हे खोटे नसते.

मी कायद्याकडे वळलो. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा वेगळे सांगतो. दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, ती मालमत्ता बाळगू शकते, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहू शकते. पालक नेमायचाच झाला तर मर्यादित नेमायचा. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी, त्या माणसाच्या इच्छेला धरून आणि त्याच्या जोडीने निर्णय घेणारा. इतकेच नाही, तर दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही आता मर्यादित पालकच समजायचा. शिवाय मदतनीसाचा स्वतःचा फायदा ज्या व्यवहारात गुंतला असेल, त्यातून त्याने बाजूला व्हायचे. ही सगळी वाक्ये मी ताईंना समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"चांगला कायदा हाय," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. माझे वडील वारले तेव्हा भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं. मी बारावी पास. प्रत्येक अक्षर वाचलं, समजलं आन् सही केली. माहेर तुटू नये म्हणून केली. मला कळतं का, असं तिथं कुणी विचारलं नाही, कारण मला कळतंच होतं. तरी जमीन गेलीच ना? मग कळण्या न कळण्यावर तुमचा एवढा जोर कामून?"

यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. मी त्या मुलाच्या आकलनाचे मोजमाप कुणी करू नये म्हणत होतो, पण आकलन म्हणजेच संरक्षण हे मीही धरूनच चाललो होतो. गावात एकट्याने ठरवतो कोण? पेरणी, लग्न, कर्ज, वाटणी, सगळे चार माणसांत ठरते. ज्याचे चार माणसांत वजन त्याचे ऐकले जाते, नसेल त्याचे राहते. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी अडाणी नसतात. त्यांच्या पाठीशी कुणी उभे नसते.

"तर मग प्रश्न त्याच्या पाठीशी कोण, हा आहे," मी म्हणालो. "त्याची पारख करायला तुम्ही नकोत, त्याच्या बाजूला उभ्या राहायला हव्यात. त्याला काय हवं ते त्याच्याच शब्दांत लिहून द्या. कळतं की कळत नाही, हा निवाडा लिहू नका."

"बाजूला उभी राहते. किती दिवस? मी पन्नाशीला आले. माझ्या माघारी कोण?"

इथे आमचे बोलणे अडले. मी कायद्याचे कोणतेही कलम काढले की ताई तिथेच परत येत. जोडीने निर्णय, मी म्हणायचो. जोडीला कोण, त्या म्हणायच्या. मदतनीस बदलण्याचा अधिकार त्याला आहे, मी म्हणायचो. बदलून आणायचा कुठून, त्या विचारायच्या.

'माझ्या माघारी याचं कसं' हा प्रश्न आई-बापांना सनातन वाटतो, पण एवढ्या मोठ्या संख्येने तो आता कुठे पडू लागला आहे. अमेरिकेत 1983 साली डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते, आज ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया वाढल्या, जंतुसंसर्गावर औषधे मिळाली, मुलांना संस्थांत टाकून देणे कमी झाले. पूर्वी बहुतेक घरांत लेकरू आई-बापांआधी जायचे. आता ते त्यांच्यामागे उरते आणि चाळिशीनंतर त्यातल्या पुष्कळांना स्मृतिभ्रंशही गाठतो, कारण अल्झायमरशी संबंध असलेले एक जनुक डाऊन सिंड्रोममध्ये जादा असलेल्या एकविसाव्या गुणसूत्रावरच असते. म्हणजे आधाराची गरज वाढते तेव्हाच आधार देणारे उरलेले नसतात. संशोधक लिजून यांनी 1959 साली हे जादा गुणसूत्र जगापुढे मांडले. ते गुणसूत्र घेऊन जगणाऱ्या माणसाच्या साठाव्या वर्षी त्याच्याजवळ कोण असेल, हा प्रश्न मात्र आई-बापांनाच सोडवावा लागतो.

आणि काहींनी तो आपापल्या परीने सोडवला. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी आपल्या मुलाच्या निमित्ताने 1977 मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने मोठ्या झालेल्या मुलांसाठी घरकुल उभारले. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे बाप झाले. अनाथ दिव्यांगांना अठराव्या वर्षी बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी कायदा व्हावा, अशी मागणी ते कित्येक वर्षे करत आहेत. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही नावे मी ताईंना आदराने सांगितली.

"मोठी माणसं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोराला खोणीला ठेवलं तर तिथं त्याला कोण ओळखतंय? इथं बाजारात गेला की कापडवाला त्याला बोलावून बसवतो, हॉटेलवाला चहा देतो. रस्ता चुकला तर कुणीबी घरी आणून सोडतं. हे घर बांधून मिळत नाही. आन् बाबांसारखा एक माणूस वझ्झरला निघाला. किनवटला निघंल याची वाट बघत बसू का? एका माणसावर टेकलेलं सगळं त्या माणसाबरोबर जातं."

"म्हणूनच संघटना नोंदवा. सात माणसं लागतात. 1999 च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. पालक झालेल्याने सहा महिन्यांत स्थावर-जंगम मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा. त्याने हयगय केली, छळ केला किंवा मालमत्ता हडपली तर त्याला काढायचा अर्ज आई-बाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते."

ताई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "म्हणजे आज मी शिफारस द्यायला चालते. उद्या चुलत्यानं घात केला तर तक्रार करायला चालत नाही."

त्यांनी एका वाक्यात जे पकडले ते मी इतके दिवस कागद भरूनही पकडले नव्हते. स्वयंसेवकाचा शब्द अधिकार देताना सगळ्यांना हवा असतो, कारण तो फुकट, जवळचा आणि विश्वासाचा असतो. अधिकार काढून घेताना त्याला विचारतात, तुम्ही कोण? माझे मत आता स्पष्ट आहे: जी शिफारस मागे घेण्याची ताकद आपल्याजवळ नाही, ती एकट्याच्या सहीने देऊ नये. द्यायचीच तर तिच्यात पहारा आधी लिहावा, म्हणजे कशापुरते पालकत्व, किती मुदतीचे, हिशेब कुणापुढे, आणि जमीन विकायची किंवा गहाण टाकायची झाली तर समितीला विचारल्याशिवाय नाही.

"आणि त्या सात जणांत," मी पुढे म्हणालो, "तुमच्या मुलाचं नाव असू द्या."

ताईंना हे आवडले नाही. "फोटोत बसवायला? बैठकीत काय चाललंय ते त्याला उमजायचं नाही. मी सांगंल तिथं हात वर करंल. सात मतं म्हणायची आन् मला दोन, असं नको."

"बाकीचे सहा जण घटना वाचून सही करतील?"

"नाही करणार. पण त्यांचं न वाचणं आन् त्याचं न वाचणं एक नाही. त्यांना फसवलं तर ते भांडतील."

हा आक्षेप मी खोडू शकलो नाही, आजही खोडता येत नाही. तरी आग्रह सोडवत नाही. आपल्याकडच्या संघटना 'पालक संघटना' असतात, त्यांच्या व्यासपीठावर आई-बाप असतात आणि ज्यांच्यासाठी हे सारे ते 21 मार्चला, जागतिक डाऊन सिंड्रोम दिनी, नाच करून दाखवतात आणि खाली बसतात. बैठकीत ताईंच्या मुलाला समजेल अशा शब्दांत बोलायचे ठरवले तर बैठक लांबेल, पण मग गावातल्या बायकांनाही ती समजेल. ताई म्हणाल्या, बघू. वहीत त्यांनी सहा नावे लिहिली.

शिफारशीचा मसुदा आम्ही करायला घेतला. ताई त्या मुलाकडे जाऊन आल्या होत्या. शेताबद्दल विचारल्यावर तो म्हणाला होता, शेत बाबाचं, विकायचं नाही. कुठे राहायचं म्हटल्यावर काकूजवळ. शेळ्या मात्र त्याच्या, त्याला न सांगता चुलत्याने एक विकली, त्याचा राग आहे. हे सगळे ताईंनी जसेच्या तसे लिहिले, शेळीसकट. पाचशेची नोट तो ओळखतो पण मोड मोजता येत नाही, हेही लिहिले. त्याखाली माझ्या सांगण्यावरून मर्यादा आणि मुदत. 'व्यवहार कळतो / कळत नाही' ही ओळ मी खोडा म्हणालो. त्यांनी ती खोडली नाही, नुसती भरायची ठेवली.

"समितीनं विचारलं तर?" मी म्हणालो.

"समिती एकदा विचारंल. हा कागद मी चुलत्याला वाचून दाखवणार हाय, त्या लेकरापुढंच. शेळीची गोष्ट वाचली की चुलता भडकणार. अन् तुम्ही सांजच्याला नांदेडला जाल. लेकरू त्याच घरात झोपायचंय. रात्री त्याला कोण काय बोललं, ते सकाळी मलाच जाऊन बघायचंय."