खालच्या दिशेला कोण उभे आहे?



माझे ऑफिस वन-नॉर्थला, फ्युजनोपोलिसमध्ये आहे. विषुववृत्तापासून एक अंश उत्तरेला, म्हणून या परिसराचे हे नाव. काम, राहणे, शिकणे आणि करमणूक एकाच ठिकाणी, अशी त्याची आखणी आहे. संध्याकाळी साडेसातलाही तिथले मजले उजळलेले असतात. नवरा-बायको दोघेही अशा ऑफिसात असताना घरी पोळ्या कोण करते, मुलांना बसवरून कोण आणते, हे मात्र त्या आखणीत कुठे दिसत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी याचे उत्तर एकच आहे: हेल्पर.

आमच्याकडे म्यानमारच्या एक ताई होत्या. एकदा पाहुण्यांच्या मुलाने पाणी प्यायला एक मग उचलला. माझी आठ वर्षांची मुलगी पटकन म्हणाली, "तो नको, तो आंटीचा आहे." तो मग आणि एक स्टीलचे ताट रॅकच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवलेले असायचे. तसे ठेवा, असे आम्ही कुणी कधी सांगितले नव्हते. तरी ते तिथेच असत आणि मुलीला ते पाठ होते.

मला माझी आजी आठवली. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती एका वाड्यावर कामाला जायची. तिच्या चहाचा कान तुटलेला कप बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. ही गोष्ट मी जयंतीच्या भाषणात किती वेळा सांगितली असेल! आणि माझ्याच स्वयंपाकघरात तो कोनाडा तयार झाला होता.

हे कसे घडले? शोधायला लागलो तेव्हा समाजशास्त्राने मदत केली. टॅल्कॉट पार्सन्स कुटुंबाकडे कार्याच्या दृष्टीने पाहतात. मुलांवर समाजाचे पहिले संस्कार करणे आणि मोठ्यांना मानसिक स्थैर्य देणे, ही त्यांच्या मते आधुनिक कुटुंबाची दोन मुख्य कामे. या नजरेने पाहिले तर आमचे घर उत्तम चालले होते. मुलीवर संस्कारही होत होते. फक्त कोणते, ते आम्ही पाहिले नव्हते.

संघर्षाचा सिद्धांत वेगळा प्रश्न विचारतो: घर सुरळीत चालते, पण कोणाच्या श्रमावर? एंगेल्स यांनी १८८४ मध्ये कुटुंबाचा संबंध मालमत्तेशी जोडला. आर्ली हॉकशील्ड यांनी २००० साली 'जागतिक काळजी-साखळी' ही कल्पना मांडली. एक आई आपले मूल मागे ठेवून दुसऱ्या देशातले मूल सांभाळते आणि तिचे मूल आणखी कुणी सांभाळते. आमच्या ताईंचा मुलगा त्यांच्या आईजवळ वाढत होता. माझ्या मुलीला वेळेवर गरम जेवण मिळत होते, त्याची किंमत तिकडे एक मुलगा मोजत होता.

तिसरा दृष्टिकोन रोजच्या छोट्या व्यवहारांकडे पाहतो. हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये त्याला 'प्रतीकात्मक आंतरक्रियावाद' हे नाव दिले. नाव अवघड आहे, मुद्दा सोपा: वस्तूंना अर्थ माणसे आपसातल्या वागण्यातून देतात. मग हा नुसता मग असतो. तो कुठे ठेवला आणि त्याला कोणी हात लावला नाही, यावरून त्याचा अर्थ ठरतो.

पण "आम्ही, बाबासाहेबांचे अनुयायी, असे कसे वागलो?" याचे उत्तर मला बाबासाहेबांकडेच मिळाले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचा गाभा सजातीय विवाहात आहे, हे त्यांनी त्यात दाखवलेच. शिवाय कुणा एका मनूने जात निर्माण करून समाजावर लादली, हे मत त्यांनी नाकारले. एका वर्गाने स्वतःची दारे बंद केली आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. इथे ते गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतात: अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर जितके कमी तितके ते जोरात होते.

आमचेही तसेच झाले. कॉन्डोमध्ये राहायला आलो, शेजारी पाहिले, जे 'सगळेच करतात' ते उचलले. कुणी हुकूम दिला नव्हता, म्हणून ते कधी डोळ्यांत खुपले नाही.

इथे एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. हेल्परची नोकरी म्हणजे जात नव्हे. ती जन्माने ठरत नाही, तिला करार आणि पगार आहे, ती सोडता येते. "तिच्या गावी मिळाले नसते इतके आपण देतो," असेही आपण म्हणतो. ते खरेही असेल. पण पगार हा श्रमाचा मोबदला असतो. वेगळे ताट त्यातून वसूल करता येत नाही.

दुसरी गोष्ट रविवारची. सिंगापुरात २०१३ पासून हेल्परला आठवड्याची सुट्टी कायद्याने आहे. पण तिच्या संमतीने त्याऐवजी पैसे देता येत. महिन्यातली किमान एक सुट्टी पैशात बदलता येणार नाही, हा नियम १ जानेवारी २०२३ पासून आला. त्याआधीची गोष्ट. ताईंना एका रविवारी ताई जिन रोडवरच्या बर्मी विहारात जायचे होते. आमच्याकडे त्या दिवशी वंदनेला वीस माणसे येणार होती. आम्ही पैसे देऊ केले, त्या 'हो' म्हणाल्या. हॉलमध्ये आम्ही त्रिशरण म्हणत होतो आणि स्वयंपाकघरात भांडी घासताना तेच पाली शब्द त्यांच्या ओठांवर होते. कायदा पाळला गेला होता. धम्म पाळला गेला होता का?

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला दिशांचा नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण. आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे. त्यांच्याप्रति मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात सेवा करणे, विशेष गोडधोड वाटून खाणे आणि योग्य वेळी सुट्टी देणे. शेवटचे कर्तव्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गृहस्थांच्या विनयात बाबासाहेबांनीही मालक-सेवक संबंधाला वेगळी जागा दिली आहे. मजूरमंत्री असताना ज्यांच्या काळात कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर आला, त्यांच्या अनुयायाच्या घरातला कामाचा दिवस मात्र पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंत होता. इथल्या रोजगार कायद्यातली तासांची मर्यादा घरकामगारांना लागू नाही, हे खरे. पण त्यावर बोट ठेवून सुटता येईल का?

ताईंची मी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, सगळीकडे असेच असते." ते ऐकून मला हलके वाटले नाही. त्यानंतर रविवार त्यांचा झाला. आमच्याकडच्या वंदनेनंतर आता प्रत्येक जण आपले ताट स्वतः धुतो, पाहुणेसुद्धा. कपांना मालक उरले नाहीत. ताई आता मायदेशी परतल्या आहेत. माझ्या मुलीला तो खालचा कप्पा आठवतो की नाही, ते मी अजून विचारलेले नाही.

वाचकहो, आजच्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन आपला रॅक पाहा. खालच्या कप्प्यात काय आहे? आणि पुढच्या रविवारी आपण वंदनेला बसाल, तेव्हा आपल्या घरात कोण उभे असेल?

जयभीम! नमो बुद्धाय!