वेशीजवळच्या विहिरीचे पाणी

शास्त्रभाग : 2 शमुवेल 23:13-17; फिलेमोन 14



दाविदाला तहान लागली तेव्हा त्याच्या तीन वीरांनी पलिष्ट्यांची छावणी भेदून बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी आणले. दावीद ते प्याला नाही; त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. ज्यासाठी माणसांनी प्राण पणाला लावले, ते त्याच्या दृष्टीने साधे पाणी उरले नव्हते.

कर्करोगाने पीडित बंधुभगिनींनो, तुमच्या शिरेत थेंबथेंब उतरणारे औषधही असेच कोणीतरी आणलेले पाणी आहे. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या 16 बालकांना अमिनोप्टेरिन दिले व 1948 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते औषध तयार झाले होते. 10 बालकांना उतार पडला, पण तात्पुरताच. तरीही त्याच वाटेने पुढे मेथोट्रेक्सेट आले, आणि आज योग्य उपचार लाभलेली अशी बहुसंख्य मुले बरी होतात. आपण ते औषध ओतून टाकायचे नाही; कृतज्ञतेने घ्यायचे आहे. परंतु उद्याच्या तहानलेल्यांसाठी विहिरीकडे कोण जाईल?

पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य प्रश्न असा असतो की, हे औषध मनुष्याला किती मात्रेत सोसवते? मोजक्या रुग्णांपासून आरंभ करून मात्रा क्रमाने वाढवतात. सहभागी रुग्णाला स्वतःला लाभ होईलच असे नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराच्या चाचण्या 2021 मध्ये सुरू झाल्या आणि 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. मधल्या काळात अनिश्चिततेत पाऊल टाकणारे रुग्ण होते, हे विसरू नये.

सर्वांनाच चाचणीत जाता येत नाही. तरी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा उरलेला अंश संशोधनास देता येतो, रक्ताचा नमुना देता येतो, आपल्या आजाराच्या नोंदी वापरण्यास अनुमती देता येते. चाचणीत असणाऱ्याने मळमळ, थकवा, वेदना काहीही न लपवता सांगणे हीसुद्धा सेवाच आहे; कारण त्याच्या मौनाची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.

पौलाला फिलेमोनाचा दास आपल्याजवळ ठेवून घ्यावासा वाटत होता. पण धन्याच्या संमतीवाचून त्याने काही केले नाही. तेथील ‘ग्नोमे’ या ग्रीक शब्दात विचारपूर्वक बनवलेल्या मताचा अर्थ आहे. नुसत्या अंगठ्याचा नव्हे. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा : धोके कोणते? दुसरा सिद्ध उपचार आहे काय? नीतिसमितीची मान्यता आहे काय? 2007 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद आहे काय? चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. शिवाय केव्हाही माघार घेण्याचा तुम्हांला अधिकार आहे.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. पापांसाठी करायचा यज्ञ ख्रिस्ताने एकदाच केला आहे. चाचणीत जाऊन देवाची कृपा मिळवायची नसते, आणि नकार दिल्याने ती जातही नाही. जो जाईल त्याने प्रीतीने जावे. जो जाणार नाही त्याने शांतीने राहावे. मंडळीने दोघांच्याही खाटेजवळ बसावे.

प्रभू तुमच्या दुर्बल हातांना बळ देवो. आमेन.