पसाभर गहू आणि सोन्याची सीता

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला लागून रावेरी नावाचं गाव आहे. तिथं सीतेचं जुनं देऊळ आहे आणि त्यात सीतेशेजारी राम नाही. गावात सांगतात ती कथा अशी. रामानं टाकलेली सीता इथल्या रानात बाळंत झाली. लव-कुश पदरात, खायला दाणा नाही, म्हणून ती गावात दारोदार पसाभर गहू मागत फिरली. गावानं दिला नाही. तेव्हा तिनं शाप दिला, या शिवारात गहू पिकणार नाही. पुढं पिढ्यान् पिढ्या रावेरीत गहू झाला नाही, संकरित बियाणं आलं तेव्हा कुठं दिसू लागला, असं जुनी माणसं सांगत आली. यामागं जमिनीचा पोत होता की आणखी काही, या वादात मला फारसा रस नाही. माझं लक्ष जातं ते कथेत जे नाही त्याकडं. पुराणातल्या शापामागोमाग सहसा उःशाप येतो. अपराधी पाय धरतो, शाप देणारा विरघळतो, सुटकेची अट सांगतो. रावेरीच्या कथेत कुणी पाय धरत नाही. गाव सीतेच्या मागं धावलं, पसाभराच्या जागी पायलीभर गहू घेऊन गेलं, असं काही घडत नाही. शाप आहे आणि नंतर एकदम देऊळ आहे.

शेजारच्याच कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावं लागतं ते. तिथली कथा बरोबर उलट्या घडणीची. अहल्येशी कपट केल्याबद्दल गौतमानं इंद्राला शाप दिला. इंद्रानं इथं येऊन गणेशाची आराधना केली, कुंडाचं पाणी अंगाला लागलं आणि तो शापातून सुटला. पश्चात्ताप, तप, तीर्थ, क्षमा, सगळं रीतसर. फक्त जिचा अपराध झाला ती अहल्या या कथेत पुन्हा येत नाही. इंद्र अपराधी अहल्येचा, क्षमा गणपतीची, आणि दोघांमध्ये हिशेब मिटला. कळंबच्या चिंतामणीवर माझा राग नाही, पण खरा पश्चात्ताप कोणता आणि वरवरचा कोणता हा प्रश्न आला, की मला या दोन गावांमधलं अंतर आठवतं.

हा प्रश्न आपल्याकडं फार जुना. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा पसारा एवढा आहे, की पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड, १९५३चा, पातक आणि प्रायश्चित्तापासूनच सुरू केला. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात क्षत्रियाचा वध करणाऱ्यानं हजार गाई द्याव्यात असं आहे, आणि कारण दिलंय वैर फिटावं म्हणून. मग त्या गाई कुणाला द्यायच्या? वैर ज्यांच्याशी झालं त्या मेलेल्याच्या घरच्यांना, असंच कुणीही म्हणेल. पण यावर टीकाकारांची भांडणं आहेत, आणि पुढच्या स्मृती-टीकांत त्या गाई ब्राह्मणाच्या गोठ्याकडं वळलेल्या दिसतात. माझ्या मते प्रायश्चित्ताच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. ज्याचं नुकसान झालं तो चौकटीबाहेर गेला. उरले पापी, शास्त्री आणि देव.

एकदा तो बाहेर गेल्यावर बाकीचं सोपं होतं. प्राजापत्य कृच्छ्र म्हणजे बारा दिवसांचं व्रत: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच आणि शेवटचे तीन दिवस उपास. ते झेपत नसेल तर प्रत्याम्नाय, म्हणजे बदली सोय: एक गाय, गाय नसेल तर तिचं मोल, तेही नसेल तर गायत्रीचा जप. शास्त्रकारांना यातला धोका कळत नव्हता असं नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप उघड बोलून दाखवणं आणि मनापासून हळहळणं ही सुटकेची साधनं म्हणून सांगितली आहेत, आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून खरोखर थांबणं हीच शुद्धी, असंही म्हटलं आहे. पण गाईचं मोल मोजता येतं, हळहळ मोजता येत नाही. व्यवहारात काय टिकलं असेल ते सांगायला नको.

संतांनी हा पसारा एका झटक्यात मोडला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात दुराचारी माणसाबद्दलच्या श्लोकावर ज्ञानदेव थांबतात आणि अनुतापालाच तीर्थ करून टाकतात: त्या तीर्थात न्हालेला माणूस आधी कसाही असो, तो देवाचा झाला. ना गाय, ना मोल, ना काशी. तुकोबांनी तर स्वतःच्या दोषांची जाहीर यादीच वाचली. प्रायश्चित्त देणाऱ्याची गरज संपली, ही केवढी मोठी मोकळीक होती हे आज कळणं कठीण आहे. ज्याच्याकडं गाय नव्हती आणि ज्याला शास्त्री दारातही उभं करत नव्हता, त्याच्यासाठी मुक्तीचा रस्ता पहिल्यांदा खुला झाला. मात्र ज्याचा अपराध केला तो माणूस इथंही परत आला नाही. देव आणि भक्त यांच्यातलं हे बोलणं फार जवळिकीचं आहे, आणि त्यात तिसऱ्याला जागा नाही.

बाह्य विधी किती पोकळ होऊ शकतो याचा जाहीर देखावा पुण्यानं १८९० साली पाहिला. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता मान राखला. गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावं छापून आणली. वाळीत टाकण्याचं ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी पुढं १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल ऐकले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या दिवसांचा ताण उमटला आहे. रानड्यांना चहाबद्दल पश्चात्ताप झाला होता असं कुणीच म्हणणार नाही. मित्रांची, नात्यागोत्याची कुचंबणा टळावी म्हणून त्यांनी ते केलं. म्हणजे पाप नाही, पश्चात्ताप नाही, पण प्रायश्चित्त आहे! मला रानड्यांचा राग येत नाही, थोडी कणवच येते. तेव्हापासून शिकलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं: विधी म्हणजे खोटं, अंतःकरण म्हणजे खरं. मन शुद्ध असलं की झालं.

खरंच झालं का? याचं उत्तर विदर्भातल्याच एका कवीकडं आहे. आठव्या शतकातला भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपुराचा म्हणवतो. त्याच्या उत्तररामचरितातला तिसरा अंक म्हणजे पश्चात्ताप पारखण्याची एक अफलातून युक्ती आहे. सीता रामाजवळ उभी आहे, पण गंगेच्या वरानं ती त्याला दिसत नाही. राम दंडकारण्यातल्या जुन्या जागा पाहतो, रडतो, मूर्च्छित पडतो. आपल्याला कोण ऐकतंय हे त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याचं रडणं देखाव्याचं असू शकत नाही. वनदेवता वासंती त्याला धारेवर धरते, सीतेला कसं टाकलंस म्हणून विचारते. आणि जिचा अपराध झाला ती सगळं ऐकते आहे. अश्वमेधात सहधर्मचारिणी म्हणून रामानं सोन्याची सीता बसवली आहे हे कळल्यावर, टाकलं गेल्याचं शल्य आता निघालं, असं भवभूतीची सीता म्हणते. ज्याचा अपराध झाला त्याच्या कानावर पश्चात्ताप घालणारा हा कवी मला फार मोठा वाटतो.

पण त्या सोन्याच्या सीतेपाशी मी अडतो. यज्ञाला पत्नी लागते म्हणून अयोध्येत सोन्याची सीता बसलेली, आणि रावेरीच्या कथेत हाडामांसाची सीता पसाभर गव्हासाठी दारोदार. दोन्ही कथा एकाच वेळी डोळ्यांपुढं ठेवल्या की त्या पुतळ्याचं सोनं फार महाग पडतं. रामाचं दुःख खोटं नव्हतं. वाल्मीकीच्या उत्तरकांडातही ते खोटं नाही. तरी सीता परत समोर येते तेव्हा राम म्हणतो, तू शुद्ध आहेस हे मला ठाऊक आहे, पण लोकांसाठी सभेत शपथ घे. म्हणजे पश्चात्ताप खरा, पण त्याची अट पुन्हा तिच्याच माथी. सीता ती शपथ घेते, मात्र त्याच्या घरी परतण्यासाठी नाही. ती धरणीला हाक मारते आणि निघून जाते. जात्यावरच्या ओव्यांत बायांनी सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा गाइला, गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी त्या गोळा केल्या. त्या ओव्यांमध्ये रामाच्या रडण्याला फारसा भाव नाही.

वर्धा नदी ओलांडली की हाच पेच आधुनिक वेशात भेटतो. जुलै १९२८मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं केलं. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२मध्ये हरिजन सेवक संघ निघाला आणि नोव्हेंबर १९३३मध्ये गांधीजींची हरिजन यात्रा वर्ध्याहूनच सुरू झाली. गांधींची भूमिका स्पष्ट होती, अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आणि हे काम म्हणजे त्यांचं प्रायश्चित्त. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, असं विचारलं गेलं तेव्हा उत्तर याच भूमिकेतून आलं: प्रायश्चित्त सवर्णांनी करायचं आहे, पैसा त्यांचा आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच पाहायचा. आंबेडकरांनी १९४५च्या आपल्या पुस्तकात हे नेमकं पकडलं. ऋण मी घेतलं, फेडणार मी, कसं आणि किती फेडायचं तेही मीच ठरवणार, तर धनकोनं काय नुसतं पाहत राहायचं? यहुद्यांच्या मिश्ना या धर्मग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल एक कडक नियम आहे. माणसानं देवाचा केलेला अपराध तो दिवस धुतो, पण शेजाऱ्याचा केलेला अपराध शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय धुतला जात नाही. मुसलमानांच्या तौबेतही माणसाचा हक्क माणसाला परत केल्यावाचून भागत नाही. आपस्तंबाच्या हजार गाईही मुळात अशाच घरी पोचायच्या होत्या, असं मला वाटत राहतं.

त्या गाई परत योग्य दारी नेण्याचा एक प्रयत्न आपल्याच भागात झाला, आणि तो धर्माच्या माणसानं केला नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची देवभोळे अशी ख्याती कधीच नव्हती. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायांचा प्रचंड मेळावा झाला, आणि १९८९च्या अमरावती अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. म्हणणं साधं होतं. शेतकरी सरकारकडं कर्जमुक्ती मागतो, पण त्याच्या घरातल्या लक्ष्मीनं पिढ्यान् पिढ्या राबून जे दिलं ते कर्ज त्यानं कुठं फेडलं? तर आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. ज्या गावात शंभर बायांच्या नावे जमीन होईल ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, तिथं जोशी स्वतः जाणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. रावेरीच्या सीतेच्या देवळाचा जीर्णोद्धारही पुढं त्यांच्याच पुढाकारानं झाला. टाकलेल्या बाईचं दैवत म्हणून त्यांनी त्या देवळाकडं पाहिलं.

लक्ष्मीमुक्तीवर आक्षेप घेणं सोपं आहे. किती नवऱ्यांनी गावाचं नाव व्हावं म्हणून कागद केला असेल! सातबाऱ्यावर नाव बायकोचं, बँकेचं पासबुक नवऱ्याच्या खिशात, कापूस मोजायला जातो तोच, हे चित्र यवतमाळ जिल्ह्यात कुणालाही नवं नाही. म्हणजे पश्चात्ताप वरवरचाच, फक्त गाईच्या जागी गुंठे. या आक्षेपात तथ्य आहे, तरी मी कागदाच्या बाजूनं आहे. नवऱ्याच्या मनात काय होतं हा प्रश्न नवऱ्याच्या मोक्षाचा. बाईच्या दृष्टीनं फेरफार मंजूर झाला की नाही, हा प्रश्न. मन पालटतं, ओसरतं, दारूत बुडतं. दीर-सासऱ्यांनी विधवेला घराबाहेर काढायचं ठरवलं तर उपयोगी पडतो तो तलाठ्याकडचा उतारा. ज्या जिल्ह्यात कर्जानं पिचून नवरा गेल्यावर बाईला आधी जमीन आपली आहे हे सिद्ध करावं लागतं, तिथं मनाच्या शुद्धतेचं कौतुक करायला मला लाज वाटते. खोट्या मनानं केलेलं खरं खत आणि खऱ्या मनानं ढाळलेले आसू यांतलं काय हवं, हे त्या बाईलाच विचारावं. रावेरीच्या सीतेनं तर मनाची हमी मागितलीच नव्हती, गहू मागितला होता.

अर्थात लक्ष्मीमुक्तीचा रोख पत्नीकडं होता, बहिणीचा हिशेब त्यात नव्हता. २००५च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. त्याबरोबर हक्कसोडीलाही जोर आला. भावाचं नातं तुटू नये, माहेर बंद होऊ नये म्हणून बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येते, आपण राजीखुशीनं हक्क सोडत आहोत अशा लेखावर सही-अंगठा करते आणि भाऊ तिला साडी-चोळी करतो. यातले काही भाऊ बायकोच्या नावावर जमीन करणारेही असतात, आणि सहीच्या वेळी त्यांचे डोळे भरून येतात ते मनापासूनच. ती साडी कोणत्या कृच्छ्राचा प्रत्याम्नाय, हे काण्यांच्या चौथ्या खंडात शोधावं लागेल.