आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

उभा राहा. वही मिट आणि माझ्याकडे बघ. "सर, रॅम खराब निघाली" असं काल प्रॅक्टिकलच्या तासाला तू सगळ्यांसमोर म्हणालास, म्हणून मीही सगळ्यांसमोरच बोलतो. तुझी ती सोळा जीबीची स्टिक काल रात्रभर मेमटेस्टला लावून ठेवली होती. एकही एरर आलेला नाही. रॅम धडधाकट आहे. चुकलायस तू.

2025 च्या अखेरीला रॅमचे भाव कुठल्या कुठे गेले आणि का गेले, हे याच वर्गात बोललो होतो. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला, आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला उरलंसुरलं महाग मिळतंय. असल्या भावात तू स्टिक उचललीस, तीही वडिलांच्या ओव्हरटाइमच्या पैशांनी. ते रात्रपाळी करून सकाळी सायकलवरून घरी जातात ते मी रोज बघतो. त्या पैशाला हात लावण्याआधी एक तरी आकडा बघितला होतास का? मित्र म्हणाला रॅम वाढव, दुकानदार म्हणाला टाका बिनधास्त, आणि तू टाकलीस. हार्डवेअरच्या दुसऱ्या वर्षाला बसणारा मुलगा आणि खरेदी अशी ऐकीव!

आता काय घडलं ते ऐक. तुझ्या मदरबोर्डला स्लॉट दोन. दोन्हींत आठ-आठ जीबीची, 3200 ची जोडी होती आणि ती ड्युएल चॅनलमध्ये नीट चालत होती. त्यातली एक काढून तू ही नवी खोचलीस. नवीवरचं लेबल वाचलंस? 2666. दोन वेगवेगळ्या गतीच्या स्टिक एकत्र लावल्या की दोघी हळू असणारीच्या चालीने चालतात. हे पहिल्या सत्रात शिकवलंय, परीक्षेतही विचारलंय. 3200 च्या जोडीची कमाल क्षमता सेकंदाला 51.2 जीबी, ती 2666 ला 43 च्या खाली येते. शिवाय नव्या स्टिकमधल्या वरच्या आठ जीबीला जोडीदारच नाही, तेवढा भाग एकाच चॅनलवर चालतो. म्हणजे पैसे मोजून मशीन होतं त्यापेक्षा थोडं हळू केलंस. "सर, उलट कमी झाल्यासारखं वाटतंय" असं काल तूच म्हणत होतास. तुझ्या डोळ्यांना दिसलं, पण का झालं हे शोधावंसं वाटलं नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

आज सकाळी जुनी जोडी परत लावली, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं आणि तुझा सायबरपंक 2077 लावला. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायला काय लागतं? एक पैसा लागत नाही. अर्धा तास गेम चालवला. मेमरीचा आकडा सोळापैकी अकरा जीबीच्या आसपास राहिला, पाच जीबी मोकळी होती. ग्राफिक्स कार्ड मात्र पहिल्या मिनिटापासून 98-99 टक्क्यांवर, आणि त्याची स्वतःची चार जीबी मेमरी काठोकाठ भरलेली. मग रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणलं. फ्रेम 38 वरून 61 वर गेल्या. रॅमला हातही लावला नव्हता. कार्डावरचं ओझं कमी केल्याबरोबर गेम पळायला लागतो, तर दम कोणाचा संपलाय? जीटीएक्स 1650 चा. ओटा दुप्पट लांब केला म्हणून शेगडीची आच वाढत नाही रे!

आणि हे शोधायला मशीन उघडायचीही गरज नव्हती. 2023 मध्ये या गेमच्या कंपनीने किमान गरजा नव्याने जाहीर केल्या. त्यात स्वच्छ लिहिलंय: रॅम 12 जीबी, ग्राफिक्स मेमरी 6 जीबी, आणि एसएसडी. तुझ्याकडे रॅम 16 होती, ग्राफिक्स मेमरी 4. पुरेसं काय आणि अपुरं काय, हे पहिलीतलं पोरही सांगेल. तू ती यादी वाचलीच नाहीस.

झटके बसत होते, हे मला मान्य आहे. तू खोटं बोललेला नाहीस. पण झटका दिसला की लगेच रॅम कमी, हे कुठून काढलंस? टेक्स्चर 'हाय'वर ठेवलं होतंस. कार्डाची चार जीबी भरली की उरलेला माल सिस्टिमच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसमधून मागवावा लागतो. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची गती सेकंदाला 128 जीबी, त्या वाटेची जेमतेम 16. माल यायला उशीर होतो, चित्र थबकतं. तिथे तू बत्तीस काय चौसष्ट जीबी रॅम लाव, वाट तेवढीच अरुंद राहणार. मेन मेनूत जाऊन टेक्स्चर 'मीडियम' केलं, बहुतेक झटके गेले. फुकटात.

रॅम वाढवून कधीच फायदा होत नाही असा अर्थ काढून बाहेर पडू नका, मागच्या बाकांवरचेही ऐका. गेल्या वर्षी तुमच्याच वर्गातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, आणि आठ जीबीची एकच स्टिक. अशा मशीनमध्ये ग्राफिक्सचा वाटाही त्याच आठ जीबीतून जातो, आणि एकाच चॅनलवर दोघांची ओढाताण होते. तिने तीन दिवसांचे आकडे वहीत लिहून आणले होते: गेम चालू असताना मेमरी 95 टक्के, डिस्क 100 टक्के, कोणत्या ठिकाणी शिरताना अडकतो तेसुद्धा. दुसरा स्लॉट रिकामा आहे, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नाही, हेही तिने आधीच बघितलं होतं. तशीच दुसरी आठ जीबी लावली आणि गेम खेळण्यासारखा झाला. मला विचारायची तिला गरजच नव्हती, तरी खात्री करून घ्यायला आली.

रॅम खरोखर संपते तेव्हा विंडोज तिच्यातला माल डिस्कवर टाकतं आणि परत आणतं. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलीसेकंद मिळतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एक जागा शोधायलाच दहाच्या आसपास जातात. असे दोन फेरे झाले की फ्रेम गेली. म्हणून रॅमचा तुटवडा असला की गेम अधूनमधून गचके खातो, आणि त्याच क्षणी डिस्कचा दिवा पेटून राहतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्रेम सारख्याच कमी असतील तर आधी कार्ड बघायचं, मग प्रोसेसर, मग दोघांचं तापमान. पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापला की तो आपली गती आपणच कमी करतो. तुझ्या कूलरमधून मी आज मूठभर धूळ काढली. ब्रश कपाटात आहे, तो कुलूपबंद नसतो.

पुढच्या वर्षी तू कुठल्यातरी काउंटरमागे बसशील. समोर डीटीपी करणारी बाई येईल, शेतकऱ्याचा पोरगा येईल, "मशीन हळू चालतंय, काय टाकू?" विचारेल. तू म्हणशील ते ती माणसं टाकतील, कारण त्यांना यातलं कळत नाही. आज स्वतःच्या बापाच्या पैशाचं जे केलंस ते तेव्हा त्यांच्या पैशाचं करणार असशील, तर या वर्गात बसू नकोस. मला तसा कारागीर घडवायचा नाही. तुझा हात चांगला आहे, सोल्डरिंग वर्गात सगळ्यांत स्वच्छ तुझं असतं, म्हणून इतका वेळ बोलतोय.

आज दुपारी बिल घेऊन दुकानात जा आणि स्टिक परत घेतील का ते नम्रपणे विचार. नाही म्हणाले तर ती स्टिक इथे आण, प्रयोगशाळेतल्या कोणत्या मशीनला ती खरंच लागते ते तू मोजून सांगायचंस. संध्याकाळी वडील पाळीवर निघण्याआधी त्यांना सांग की पैसे चुकीच्या जागी गेले आणि चूक तुझी होती. सोमवारी मेमरी, डिस्क, कार्ड, प्रोसेसर आणि तापमान, पाचही आकडे वहीत हवेत, आधीचे आणि नंतरचे. बस खाली.